अतिथिसेवेच्या शाळेंतील शिस्त



परीक्षांचे निकाल लागले कीं आमच्या येवल्यांतून दरवर्षीं कांहीं मुलें-मुली पुढील शिक्षणासाठीं नाशिक, पुणें, मुंबई अशा शहरीं जातात. कोणास अभियंता व्हावयाचें असतें, कोणास परिचारिका. आणि अलीकडे कोणी कोणी अतिथिसेवेचें, म्हणजे लोक ज्यास हॉटेल मॅनेजमेंट म्हणतात तें, शिक्षण घेऊं लागले आहेत. शिर्डी आपल्यापासून दूर नाहीं. तेथें येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं जीं निवासस्थानें व भोजनगृहें उभीं राहिलीं, त्यांमुळें या धंद्याची ओळख आमच्या भागांतील बऱ्याच घरांस झाली आहे.

असे एक पालक गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे आले. गृहस्थ पैठणी विणणारे. त्यांच्या हातांत नियमांचा एक छापील कागद होता. मुलगा निवासी विद्यालयांत जाऊन महिनाहि झाला नव्हता, तोंच घरीं परत येण्याचें त्याचें टुमणें सुरू झालें होतें. पहिल्याच आठवड्यांत नखें वाढलेलीं दिसलीं म्हणून त्यास भटारखान्याच्या वर्गांतून बाहेर काढण्यांत आलें. आजीनें दिलेली अंगठी त्यास उतरवावी लागली. पांच मिनिटें उशीर झाला म्हणून गैरहजेरी मांडली गेली. आणखी एक गोष्ट त्या कागदावर नव्हती. ती मुलानें फोनवर दबक्या आवाजांत सांगितली होती. वसतिगृहांत वरच्या वर्गांतील कांहीं मुलें नव्या मुलांस आडनांव विचारीत आणि त्यावरून कोणीं कोणाचें ताट घांसावयाचें हें ठरवीत.

“गुरुजी, हिला शाळा म्हणावी कीं तुरुंग? पोराला परत आणूं कां?” असें त्यांनीं विचारलें.

आम्हीं तत्काळ उत्तर दिलें नाहीं. कारण त्यांच्या तक्रारींत दोन अगदीं निराळ्या गोष्टी एकाच गांठोड्यांत बांधल्या गेल्या होत्या. नखांचा नियम आणि ताटांचा नियम, दोन्हींस मुलगा ‘शिस्त’ असेंच म्हणत होता. हें गांठोडें सोडून दोन्ही वस्तु वेगळ्या करून पाहाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१. ही शाळा कशासाठीं?

दारीं आलेल्या अतिथीस देवासमान मानावें ही शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु घरीं चार पाहुण्यांस जेवूं घालणें वेगळें आणि रोज चारशें अनोळखी माणसांस जेवूं घालणें वेगळें. घरच्या चुकीकडे पाहुणा कानाडोळा करतो. भोजनगृहांतील एका हातून झालेली चूक मात्र चारशें घरांत जाऊन पोहोंचते. म्हणून या कामाचेंहि पद्धतशीर शिक्षण द्यावें असा विचार पुढें आला. स्वित्झर्लंडमधील लोझान शहरीं १८९३ सालीं निघालेली शाळा अशा शाळांत सर्वांत जुनी समजली जाते. आपल्या राज्यांत मुंबईस १९५४ सालीं श्रीमती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानें अशी संस्था स्थापन झाली. पुढें अनेक शहरीं तिच्यासारख्या संस्था निघाल्या आणि त्यांच्या अभ्यासक्रमांत व परीक्षांत एकसूत्रीपणा राहावा म्हणून १९८२ सालीं राष्ट्रीय परिषद स्थापन करण्यांत आली.

या शाळांत पुस्तकापेक्षां हाताचें शिक्षण अधिक. भाजी चिरणें, पीठ मळणें, खोली झाडून बिछाना घालणें, पाण्याचा पेला उजवीकडे ठेवणें, आलेल्या माणसाचें हसतमुखानें स्वागत करणें, हीं सर्व कामें प्रत्यक्ष करून शिकावीं लागतात. जें हातानें शिकावयाचें, तें केवळ वाचून येत नाहीं. त्यास रोजची संवय लागते. संवय लागण्यासाठीं नियम हवा. म्हणून या शाळांतील नियम इतर शाळांपेक्षां अधिक बारीक असतात.

२. नखें, अंगठी आणि घंटा

आतां त्या छापील कागदाकडे वळूं. नखें कापलेलीं असावीं. केंस टोपींत अथवा जाळींत असावे. अंगठी, बांगडी, मनगटीं दोरा नसावा. अंगावरील एप्रन रोज धुतलेला असावा. खोकला, जुलाब अथवा हातास जखम असेल तर तें लपवूं नये. घंटेस हजर असावें. प्रथमदर्शनीं हे नियम छळासारखे वाटतात. प्रत्येकामागें कारण काय आहे तें पाहूं.

नखाखालीं साचलेला मळ साध्या धुण्यानें निघत नाहीं. अंगठीखालच्या कातडीस साबण नीट लागत नाहीं; तेथें ओल राहते आणि ओलींत सूक्ष्म जंतु वाढतात. दोरा तर दिवसभर डाळ, पीठ व पाणी शोषून घेतो. अंगठींत आजीची माया असते हें खरें. पण जंतूस माया कळत नाहीं. शिवाय हा एखाद्या मुख्याध्यापकाचा लहरी हुकूम नव्हे. अन्नसुरक्षेचा कायदा आपल्या देशांत २००६ सालीं झाला. त्याखालीं २०११ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें अन्न हाताळणाऱ्यानें नखें कापलेलीं ठेवावीं, काम करतांना दागिने घालूं नयेत, आजारी असतांना अन्नास हात लावूं नये आणि वर्षांतून एकदां वैद्यकीय तपासणी करून घ्यावी असें बंधन आहे.

घंटेचेंहि तसेंच. शिजलेलें अन्न ६० अंशांहून अधिक गरम ठेवावें, नाहीं तर ५ अंशांपर्यंत थंड करावें, असा दंडक आहे. या दोन अंकांमधील उष्णमान जंतूंस मानवतें. अनुकूल स्थितींत कित्येक जंतु दर वीस मिनिटांस दुप्पट होतात. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब वहींत मांडून पाहावा : एका जंतूचे तासाभरांत ८, दोन तासांत ६४, तीन तासांत ५१२ आणि चार तासांत ४,०९६ होतात. म्हणजे ज्या मुलानें भाताचें पातेलें ‘जातों थोड्या वेळानें’ म्हणून ओट्यावर राहूं दिलें, त्यानें जेवणाऱ्याच्या ताटांत काय वाढून ठेवलें हें त्यास दिसत नाहीं. वेळ पाळणें हा येथें सभ्यतेचा अलंकार नसून अन्नाच्या शुद्धतेचा भाग आहे.

हें आम्हीं त्या विणकर गृहस्थांस सांगूं लागलों तेव्हां ते मध्येंच हसले. म्हणाले, “नखाला कोर असली कीं आमच्याहि रेशमाचा तंतु अडकतो. मागावर बसायच्या आधीं मी हात धुतों, पुसतों, बोटांची टोकें चांचपून पाहतों. एक तार चुकली तर मोराची मान वांकडी होते आणि मग तेवढें विणलेलें उसवावें लागतें.” आम्ही म्हणालों, “तुमची चूक उसवतां येते. मुलाची चूक दुसऱ्याच्या पोटांत गेल्यावर उसवतां येत नाहीं.” नखांपुरता त्यांचा प्रश्न तेथेंच सुटला.

३. कारण सांगितलें पाहिजे

तथापि नियम योग्य असूनहि तो पाळला जात नाहीं, असें अनेकदां घडतें. याचीं दोन उदाहरणें इतिहासांत प्रसिद्ध आहेत.

व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहांत इग्नात्स सेमेल्वाइस नांवाचे डॉक्टर होते. १८४७ च्या एप्रिल महिन्यांत त्यांच्या विभागांत शेंकडा १८ बाळंतिणी तापानें दगावल्या. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे येतात हें त्यांनीं हेरलें आणि येण्यापूर्वीं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला. दोन-तीन महिन्यांत तें प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास आलें. तरीहि पुष्कळ डॉक्टरांनीं तो नियम मनापासून स्वीकारला नाहीं. जंतूंचा शोध लागावयाचा होता. हात धुण्यानें मृत्यु कां टळतो हें सेमेल्वाइस यांस पटवून देतां आलें नाहीं. आणि आमचे हात अस्वच्छ म्हणता काय, याचा राग कित्येकांस आला.

दुसरें उदाहरण स्वयंपाकघरांतलेंच आहे. मेरी मॅलन ही आयर्लंडहून अमेरिकेस गेलेली एक कुशल स्वयंपाकीण. १९०६ सालीं न्यूयॉर्कजवळील एका घरीं ती कामास असतांना अकरांपैकीं सहा माणसांस विषमज्वर झाला. तपासांत असें दिसलें कीं ती पूर्वीं ज्या ज्या घरीं होती, त्यांपैकीं बहुतेक घरीं हा ताप येऊन गेला होता. तिच्या शरीरांत जंतु होते. पण ती स्वतः ठणठणीत होती. १९०७ सालीं तिला पकडून एका बेटावर एकान्तांत ठेवण्यांत आलें. पुन्हां स्वयंपाकाचें काम करणार नाहीं, असें वचन घेऊन १९१० सालीं तिला सोडलें. परंतु आपण रोग पसरवितों ही गोष्ट तिला कधींच पटली नव्हती आणि दुसऱ्या कामांत पोट नीट भरत नव्हतें. १९१५ सालीं ती नांव बदलून एका प्रसूति-रुग्णालयांत स्वयंपाकास राहिली. तेथें २५ जणांस विषमज्वर झाला व दोघे मरण पावले. तिला पुन्हां त्या बेटावर नेण्यांत आलें व १९३८ सालीं तिचा अंत झाला तोंपर्यंत ती तेथेंच होती.

मेरीचें वर्तन समर्थनीय नाहीं. पण तिच्या कथेंत शिक्षकांनीं व पालकांनीं ध्यानांत घ्यावें असें कांहीं आहे. तिच्यावर नियम लादला गेला. तो तिच्या मनांत उतरला नाहीं. भीतीनें पाळलेला नियम पाहणारा डोळा असेपर्यंतच टिकतो. भटारखान्यांत तर शिक्षकाची पाठ वळली कीं हात धुतले कीं नाहीं हें फक्त त्या मुलासच ठाऊक असतें. म्हणून शिस्तीचा पहिला कायदा असा कीं नियमाबरोबर कारणहि सांगावें. ज्या मुलास कारण कळलें, तो एकटा असतांनाहि हात धुतो.

४. मळावरचा नियम आणि माणसावरचा नियम

आतां गांठोड्यांतील दुसरी वस्तु. आडनांव विचारून ताटें घांसावयास लावणें हें वरील नियमांच्या जातीचें आहे काय? मुळींच नाहीं. नखांचा नियम मळावर आहे. तो राजाच्या मुलास आणि मजुराच्या मुलास सारखाच लागू पडतो. आडनांवाचा नियम माणसावर आहे. पहिल्यानें स्वच्छता साधते, दुसऱ्यानें केवळ अपमान होतो. आपल्या देशांत हे दोन नियम फार काळ एकमेकांत मिसळून ठेवण्यांत आले आणि माणसावरच्या नियमास शुद्धतेचें नांव देण्यांत आलें.

कोल्हापुरांत राजर्षि शाहू महाराजांच्या कारकिर्दींत गंगाराम कांबळे यांनीं चहाचें दुकान काढलें. दुकान स्वच्छ व टापटिपीचें होतें. चहा चांगला होता. तरी दुकानदार अस्पृश्य मानलेल्या जातीचा म्हणून कोणी तेथें येईना. महाराजांस हें कळलें, तेव्हां ते स्वतः तेथें थांबून चहा पिऊं लागले आणि बरोबरच्या मंडळींसहि पाजूं लागले. भांडीं स्वच्छ होतीं हें सर्वांस दिसत होतें. लोकांची हरकत भांड्यांस नव्हतीच.

१९१७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशांतील शिक्षण घेऊन बडोदें संस्थानच्या नोकरीवर गेले. तेव्हां त्यांस उतरावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहांत त्यांनीं पारशी नांव घेऊन आसरा मिळविला. पण अकराव्या दिवशीं काठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं त्यांस तेथून निघून जाण्यास भाग पाडलें. हा प्रसंग त्यांनीं स्वतःच लिहून ठेविला आहे. विश्रामगृह म्हणजे वाटसरूस निवारा देण्याची जागा. तेथें खोली होती, खाट होती, भाडें घेणाराहि होता. अतिथिसेवा मात्र नव्हती.

याच प्रश्नाचें उत्तर मागत अठरा वर्षांनंतर ते आमच्या गांवीं आले. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० सालीं सुरू होऊन पांच वर्षें चालला तरी दार उघडलें नव्हतें. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्याच्या परिषदेंत, आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें त्यांनीं जाहीर केलें. त्या जागेस आतां मुक्तिभूमि म्हणतात आणि आमच्या शाळेंतील बहुतेक मुलांनीं ती पाहिली आहे. पुढें २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट करण्यांत आली. आणि १५ व्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांत धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान यांवरून कोणासहि मज्जाव करतां येणार नाहीं असें स्पष्ट लिहिलें गेलें. देशाच्या घटनेंत हॉटेलाचा उल्लेख असावा, याचें कित्येकांस नवल वाटेल; बडोद्याचा प्रसंग आठवला कीं तें वाटणार नाहीं. जो विद्यार्थी अतिथिसेवा शिकतो, तो नकळत या कलमाची सेवा करावयास शिकत असतो. त्याच्याच वसतिगृहांत आडनांवावरून कामें वांटलीं जाऊं लागलीं, तर तो बाहेर जाऊन कोणाचें स्वागत करणार?

५. नियम केव्हां मोडावा?

‘मग न पटलेला नियम मोडावा काय?’ असें एखादा चलाख विद्यार्थी विचारील. त्यास आम्ही कर्मवीर भाऊराव पाटील यांची गोष्ट सांगूं. कोल्हापुरास शिकत असतां भाऊराव ज्या वसतिगृहांत राहत, तेथें शिस्त कडक होती. १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह उघडण्यांत आलें. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर, स्नान केल्याशिवाय भोजनास बसतां येणार नाहीं, असें त्यांस सांगण्यांत आलें. त्यांनीं तें साफ नाकारलें आणि त्यापायीं त्यांस वसतिगृह सोडावें लागलें.

येथें सूक्ष्म भेद पाहा. स्नान करणें ही गोष्ट वाईट नव्हे. अंगास घाम अथवा धूळ लागली म्हणून स्नान करा असें कोणी म्हटलें असतें तर भाऊरावांची हरकत नसती. पण येथें माणसास मळ ठरविलें होतें. आणि त्यांनीं नियम मोडला तो झोंपेसाठीं, खाण्यासाठीं किंवा चैनीसाठीं नव्हे. उघडपणें मोडला आणि त्याची शिक्षा डोक्यावर घेतली.

पुढें त्यांनींच १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. सर्व जातींचीं मुलें तेथें एकत्र राहत, एका पंक्तीस जेवीत आणि स्वतः कष्ट करून शिकत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस असें नांव देण्यांत आलें. मुलांच्या अन्नासाठीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने दिले; अखेर मंगळसूत्रहि दिलें. नियम मोडणाऱ्या त्या विद्यार्थ्यानें पुढें नियमांशिवाय वसतिगृह चालविलें नाहीं, तर न्याय्य नियमांनीं चालविलें. नियम मोडण्याचा अधिकार अशा माणसास शोभतो.

६. वडीलकीचा अधिकार

वरच्या वर्गांतील मुलें म्हणतात, ‘आम्हींहि पहिल्या वर्षीं सोसलें, तुम्हीहि सोसा.’ हा युक्तिवाद जुन्या भटारखान्यांतहि होता. तेथें शिवीगाळ, मारहाण व मद्यपान हीं नित्याचीं होतीं. फ्रेंच पाकशास्त्री ओग्यूस्त एस्कोफिये यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं लंडनमधील सॅव्हॉय हॉटेलांत काम हातीं घेतलें, तेव्हां प्रत्येकाचें काम वांटून दिलें, आरडाओरड व शिव्या बंद केल्या आणि उष्णतेनें तहानलेल्या आचाऱ्यांस दारूऐवजीं सातूचें पाणी दिलें. मोठ्या आवाजावांचूनहि कडक शिस्त राहूं शकते हें त्यांनीं दाखविलें.

आपल्याकडे तर याबाबत कायदाच आहे. महाराष्ट्रांत १९९९ सालीं रॅगिंगबंदीचा कायदा झाला. त्याप्रमाणें दोषी विद्यार्थ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. त्यास संस्थेंतून काढण्यांत येतें व पांच वर्षें दुसऱ्या शिक्षणसंस्थेंत प्रवेश मिळत नाहीं. २००९ सालच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणें प्रवेशाच्या वेळीं विद्यार्थी व पालक या दोघांकडूनहि याविषयीं प्रतिज्ञापत्र घेतलें जातें. पालक तें न वाचतां सही करतात. तें वाचावें, त्यांत मुलावर जसें बंधन आहे, तसें त्याचें संरक्षणहि आहे.

७. तीन प्रश्न

विद्यार्थी मित्रहो, कोणताहि नियम समोर आला म्हणजे मनाशीं तीन प्रश्न विचारा. या नियमानें कोणाचें हित होतें? तो सर्वांस सारखा लागू आहे काय? त्याचें कारण उघडपणें सांगतां येतें काय? या तिन्ही प्रश्नांस समाधानकारक उत्तर मिळालें तर तो नियम कितीहि जाचक वाटो, हंसतमुखानें पाळा. जो नियम कुजबुजून सांगितला जातो, कांहींनाच लागू होतो आणि कोणाचें तरी मन दुखविण्यापलीकडे कांहीं करीत नाहीं, तो शिस्त नव्हे; त्याची तक्रार करणें हें तुमचें कर्तव्य आहे.

पालकहो, मुलानें तक्रार केली म्हणजे लगेच ‘परत ये’ म्हणूं नका आणि ‘मुकाट्यानें सोस’ असेंहि म्हणूं नका. गांठोडें सोडून पाहा.

त्या विणकर गृहस्थांनीं तसेंच केलें. नखांबद्दल त्यांनीं मुलाची समजूत घातली. ताटांबद्दल विद्यालयाच्या प्रमुखांस सहीनिशीं पत्र लिहिलें. आपल्या मुलाचें नांव पुढें येईल याचें त्यांस भय होतें, तरी लिहिलें. चौकशी झाली व तो प्रकार बंद पडला. आतां तेथें ताटें घांसण्याची पाळी वर्णानुक्रमें लावली आहे आणि त्या यादींत वरच्या वर्गाचीं मुलेंहि आहेत.

दिवाळींत मुलगा घरीं आला. फराळाचीं ताटें मांडण्यापूर्वीं त्यानें बाहीं वर सारून कोंपरापर्यंत हात धुतले आणि धाकट्या बहिणीसहि धुवावयास लाविलें. आजीनें त्याची अंगठी पुढें केली. ती त्यानें घातली. पण वाढावयास उठतांना काढून पुन्हां आजीच्या हातीं दिली आणि कां काढली तें तिला समजावून सांगितलें. हें पाहण्यास तेथें कोणी शिक्षक नव्हता.